उन्हाळ्यात घोड्याचे खूर कसे सांभाळायचे (पहिल्यांदाच घोडा घेतलेल्यांसाठी)

आपल्याकडे बरेच जण घोडा घेतात तो डिसेंबर-जानेवारीत, कारण सारंगखेड्याचा बाजार दत्तजयंतीला भरतो आणि माळेगावची खंडोबाची यात्रा त्यानंतर दोनेक आठवड्यांत येते. तेव्हा हवा थंड असते, जमिनीत थोडीफार ओल असते, आणि विकणाऱ्याने बाजारात आणायच्या आधी खूर कानशीने घासून तेल लावून चकचकीत केलेले असतात, त्यामुळे खुरांकडे नवीन माणसाचं लक्षच जात नाही. मग शिमगा होतो, माती दगडासारखी टणक होते, आणि एप्रिलमध्ये दिसायला लागतं की खुराच्या कडेचे टवके उडतायत, बारीक चिरा आल्यात, नाल हलतेय. मग जो भेटेल तो सल्ला देतो. कोणी म्हणतं सरसोंचं तेल चोळा, कोणी म्हणतं रोज तासभर पाण्यात उभा करा, कोणी तर गाडीचं जळकं ऑइल लावायला सांगतो. पाऊस पडेपर्यंत म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत अजून दोन महिने काढायचेत, म्हणून काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही ते नीट लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कोरडी हवा ही खुराची दुश्मन नाही. मारवाडी आणि काठियावाडी घोडे राजस्थान आणि सौराष्ट्रातल्या कोरड्या मुलखातले, आपला भीमथडी दख्खनच्या पठारावरचा, या सगळ्यांचे खूर कोरड्या टणक जमिनीसाठीच घडलेत. ऑस्ट्रेलियात रानघोड्यांच्या खुरांचा अभ्यास झालाय, त्यात ओल्या दलदलीच्या भागातले घोडे होते आणि वाळवंटासारख्या भागातलेही होते, आणि खुराच्या भिंतीतल्या ओलाव्यात फारसा फरक सापडला नाही. म्हणजे बाहेर किती पाणी आहे यावर भिंतीचा ओलावा ठरत नाही, तो आतून रक्तातून येतो. खूर बिघडतो तो मुख्यतः दोन गोष्टींनी. एक म्हणजे वेळेवर न छाटल्यामुळे, आणि दुसरी म्हणजे पुन्हा पुन्हा ओला करून पुन्हा पुन्हा वाळवल्यामुळे. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

खूर म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात

बाहेरून दिसते ती भिंत, म्हणजे आपल्या नखासारखा जिवंत नसलेला भाग. ती वरून, केस संपतात त्या कडेपासून खाली वाढते, महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर. पुढच्या बाजूची भिंत वरपासून खालपर्यंत नवीन यायला ९ ते १२ महिने लागतात, टाचेकडची उंची कमी म्हणून तिकडे लवकर होतं. याचा अर्थ आज खाली जो टवका उडालाय तो गेल्या वर्षीच्या खुराकाचा आणि निगराणीचा आहे, आणि आज तुम्ही जे सुधारणार ते खाली दिसायला पुढचा उन्हाळा उजाडणार. इथे धीर लागतो.

पाय उलटा करून बघितलात की तळवा दिसतो, मध्ये त्रिकोणी रबरासारखा भाग दिसतो त्याला फ्रॉग म्हणतात, आणि तळवा न् भिंत जोडणारी एक पिवळट पांढरी रेघ दिसते, ती व्हाइट लाइन. ही रेघ सगळ्यात नाजूक. खडे, माती, जंतू शिरतात ते इथूनच.

पहिली सवय: रोज चारही पाय उचलून साफ करणं

दिवसातून एकदा तरी, आणि काम करून आल्यावर परत एकदा. घोडा दोरीने कोणीतरी धरलेला असावा किंवा सैल सुटणाऱ्या गाठीने बांधलेला. त्याच्या खांद्याजवळ उभं राहायचं, तोंड शेपटीकडे, हात खांद्यावरून खाली सरकवत न्यायचा, गुडघ्याच्या खाली मागच्या शिरेला हलकं दाबायचं आणि रोज एकच शब्द वापरायचा, ‘पाय’ म्हणा, ‘उचल’ म्हणा, काहीही म्हणा पण बदलू नका. क्रम पण रोज तोच ठेवा, घोडा चार दिवसांत स्वतःहून पाय द्यायला लागतो. खाली बसून किंवा गुडघा टेकून हे काम कधीच करायचं नाही, मागच्या पायाशी तर नाहीच.

साफ करायच्या आकडीने टाचेकडून पुढच्या टोकाकडे ओढत यायचं. फ्रॉगच्या दोन्ही बाजूच्या खाचा नीट मोकळ्या करायच्या पण फ्रॉगमध्ये टोक खुपसायचं नाही. मग ब्रश मारायचा आणि बघायचं. उन्हाळ्यात बाभळीचे काटे, रस्त्याकडेच्या बाटल्यांच्या काचा, बांधकामाचे खिळे आणि तूर काढलेल्या रानात राहिलेली धसकटं हे चार मोठे शत्रू आहेत. धसकट तर इतकं कडक असतं की सरळ तळव्यात घुसतं.

साफ करता करता तीन गोष्टी तपासा. वास येतोय का, कारण काळपट घाण आणि कुजका वास असेल तर फ्रॉग सडायला लागलाय, आणि बाहेर कोरडं असलं तरी तबेल्यात मूत साचत असेल तर हे होतंच. दुसरं, नाल असेल तर खिळ्यांची भिंतीवर वळवलेली टोकं हाताने चाचपा, एखादं वर आलं असेल तर नाल ढिली होतेय. आणि तिसरं म्हणजे खुराची ऊब. भर उन्हात चारही खूर गरम लागतात त्यात काही नाही, पण चारातला एकच वेगळा गरम लागला तर लक्ष द्या.

याच्या जोडीला नाडी बघायला शिका. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं हलकी ठेवली की शीर लागते, धडधाकट घोड्यात ती इतकी मंद असते की सापडायलाच वेळ लागतो. म्हणून घोडा चांगला असतानाच रोज शोधा, बोटांना सवय झाली पाहिजे, म्हणजे ज्या दिवशी ती ठणठण उडायला लागेल त्या दिवशी तुम्हाला लगेच कळेल की खुरात काहीतरी पेटलंय.

नालबंद: इथे कंजुषी करू नका

खरं सांगायचं तर उन्हाळ्यातल्या नव्वद टक्के टवक्यांचं औषध तेल नाही, नालबंद आहे, म्हणजे खूर छाटून नाल मारणारा माणूस. खूर लांब झाला की पुढचं टोक पाय उचलताना अडतं, भिंत बाहेरच्या बाजूला फाकते, आणि फाकलेल्या कडक भिंतीवर घोड्याचं सगळं वजन आलं की ती तडकणारच. आपल्याकडे लोक नाल झिजेपर्यंत किंवा पडेपर्यंत थांबतात, दोन दोन अडीच अडीच महिने, आणि मग हवामानाला दोष देतात. पाच ते सहा आठवड्यांनी छाटणी झालीच पाहिजे, नाल झिजलेली नसली तरी. नाल चांगली असेल तर छाटून तीच परत बसवता येते. गावात नालबंद नसेल, आणि आता बऱ्याच तालुक्यांत तो राहिलेलाच नाही, तर आसपासच्या पाच-सहा घोडेवाल्यांनी मिळून एक तारीख ठरवून त्याला बोलवायचं, त्याचा पण येण्याजाण्याचा खर्च निघतो आणि तुमची पण तारीख चुकत नाही.

तो आला की तुम्ही जवळ उभं राहा. नवीन माणूस त्याला काय सांगणार असं वाटतं, पण काही गोष्टी नम्रपणे सांगितल्याच पाहिजेत, ‘मामा, तळवा जास्त कोरू नका’ एवढं म्हणायला काही हरकत नाही. उन्हाळ्यात जमीन टणक असते, तळव्याचा जाड थर हाच घोड्याचा बचाव आहे. सुटून आलेले पापुद्रे काढायचे, बाकी राहू द्यायचं. फ्रॉग पण सुबक दिसावा म्हणून कापून बारीक करायचा नाही, फक्त लोंबणारं काढायचं. आणि भिंतीची बाहेरची बाजू वरपासून खालपर्यंत कानशीने घासून गुळगुळीत करायची जी पद्धत आहे ती थांबवा, दिसायला छान दिसतं पण बाहेरचा जो थर आतला ओलावा धरून ठेवतो तोच त्यात निघून जातो. खिळ्यांच्या टोकांच्या खाली घासलं तर चालतं.

नाल मारत नसाल तर खालची कड गोल करून घ्या. चौकोनी धार ठेवली की खड्यावर आपटून तीच उडते, गोल कड असली की टवके बरेच कमी होतात. हे इतकं साधं काम आहे आणि तरी किती ठिकाणी होत नाही याचं वाईट वाटतं.

नाल मारायची की नाही हा वादाचा विषय आहे. शेतात बांधलेली घोडी, शिंगरं, थोडंफार फिरणारा घोडा यांना नाल लागतेच असं नाही. माथेरानसारख्या ठिकाणी जिथे गाड्यांना बंदी असल्यामुळे घोडे दिवसभर चढउतार करतात, किंवा डांबरी रस्त्यावर रोजचं काम आहे, तिथे नाल पाहिजेच. फक्त एक करू नका, ऐन मे महिन्यात नाल काढून घोड्याला खडकाळ रानात एकदम अनवाणी चालवू नका. तळवा तयार व्हायला वेळ लागतो.

खूर फारच कडक झाला असेल आणि सुरी चालत नसेल तर नालबंद यायच्या तासभर आधी पाण्यात भिजवलेलं गोणपाट खाली टाकून घोडा त्यावर उभा करा. तळवा पाणी पितो, सुरी बरी चालते. हे फक्त त्या दिवसापुरतं.

पाणी आणि तेल

आता तो गैरसमज. सकाळी अंघोळ, दुपारी पायावर पाइपने पाणी, संध्याकाळी परत पाणी, आणि मध्ये ४२ डिग्रीचं ऊन. प्रत्येक वेळी खूर बाहेरून थोडा फुगतो आणि परत आकसतो. खिळ्यांच्या भोवती हे सारखं होत राहिलं की भोकं मोठी होतात, खिळे ढिले पडतात, भिंत भुसभुशीत होते. प्रेमापोटी केलेलं असतं पण नुकसान होतं. घोड्याला गार करायचं असेल तर मान, छाती, पोट, मांड्यांच्या आतल्या बाजूने पाणी मारा, जरूर मारा, पण मग त्याला चिखलात उभा ठेवू नका, कोरड्या सावलीत न्या आणि पाय पुसून घ्या. हौदाच्या बाजूला मुद्दाम पाणी सांडून चिखल करायचा सल्ला पण खूप जण देतात. मराठवाड्यात किंवा माण-खटावकडे जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं तिथे हे पाणी वाया घालवण्यात काही अर्थ नाही, तेच पाणी घोड्याच्या पोटात जाऊ द्या.

तेलाचं असं आहे की ते आत मुरत नाही, वर पातळ थर बसतो. कोरड्या खुरावर लावलं तर बाहेरचं पाणी थोडं अडतं, एवढाच उपयोग, ओलावा वाढत नाही. जवसाचं किंवा खोबरेल आठवड्यातून एक-दोनदा पातळ हाताने लावलंत तर बिघडत नाही, पण रोज थापू नका. व्हाइट लाइनमध्ये खाच असेल तर तेलाखाली घाण कोंडते आणि हवा न लागता वाढणारे जंतू तिथे मजेत राहतात. जळकं ऑइल, डांबर, डिझेल, फॉर्मलिन हे तर नकोच. वरच्या कडेची आणि टाचेच्या गोळ्यांची कातडी उन्हाने फाटत असेल तर तिथे मात्र साधी पेट्रोलियम जेली किंवा लॅनोलिनचं मलम चांगलं काम करतं, कारण ती जिवंत कातडी आहे.

तबेला

इथे फार सांगण्यासारखं नाही. मूत आणि लीद रोज काढा, खाली भुसा किंवा पाचट कोरडं ठेवा. मुतातला अमोनिया खुराचा टणकपणा खातो, बाहेर दुष्काळ आणि खाली ओलं असा घोडा सगळ्यात जास्त त्रास भोगतो. नुसत्या सिमेंटवर किंवा शहाबादी फरशीवर बारा-बारा तास उभा ठेवू नका, मातीची जागा किंवा जाड अंथरूण द्या. आणि घोडा हिंडला पाहिजे, चालण्यानेच खुरात रक्त खेळतं, आणि रक्तानेच ओलावा येतो.

खुराक

उन्हाळ्यात हिरवा चारा संपतो, मग नुसता कडबा, चंदी (म्हणजे दाणा) आणि गव्हाचा कोंडा यावर घोडा काढला जातो. कोंड्याने घोडा खूश होतो पण त्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम कमी, रोज भरपूर दिला तर हाडांतलं कॅल्शियम निघून जातं. कोंडा मूठभर ठेवा, त्याऐवजी लसूणघास मिळाला तर द्या, वाळलेला पण चालतो, त्यात कॅल्शियम आणि चांगलं प्रथिन दोन्ही आहे. खुरासाठी झिंक आणि कॉपर लागतं, ते घोड्यांच्या मिनरल मिक्श्चरमधून द्या, शेळ्यामेंढ्यांचं किंवा कोंबड्यांचं उचलून आणू नका. कोंबड्यांच्या काही खाद्यात मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात आणि ती घोड्याच्या जिवावर बेततात, हे विसरू नका.

बायोटिन कमकुवत खुरांना उपयोगी पडतं, रोज १५ ते २० मिलिग्रॅम, पण निदान सहा ते नऊ महिने सलग द्यायची तयारी असेल तरच सुरू करा, एक डबा संपवून फरक पडला नाही म्हणण्यात अर्थ नाही. सेलेनियम मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेगळं देऊ नका, जास्त झालं तर खूरच फाटतात.

पाणी थंडीत २०-२५ लिटर पिणारा घोडा उन्हाळ्यात काम असेल तर ४०-५० लिटर सहज पितो, आणि ते त्याला दिवसभर समोर असलं पाहिजे. रोज २५-३० ग्रॅम मीठ खाण्यात घाला, घाम जास्त येत असेल तर अजून थोडं.

लग्नसराई आणि डांबरी रस्ता

वरातीच्या घोड्यांची उन्हाळ्यात सगळ्यात वाईट अवस्था होते, कारण लग्नाच्या तिथी नेमक्या एप्रिल-मेमध्ये. डांबरावर चालणं ठीक आहे, पण डीजेसमोर घुंगरू बांधून तासन्‌तास डांबरावर किंवा काँक्रीटवर नाचवणं म्हणजे प्रत्येक टापेचा दणका खुरापासून खांद्यापर्यंत जातो. सुपारी घेताना वेळ ठरवून घ्या, मध्ये सुट्टी मागा, आणि एका दिवसात दोन वराती घेऊ नका, पैसे कितीही मिळोत. दुपारी रस्त्यावर स्वतःच्या हाताचा पंजा टेकवून बघा, दहा सेकंद ठेववत नसेल तर घोडा बाहेर काढायचा नाही. रानातून नेताना खडीच्या रस्त्यावर चालीनेच न्या, तिथे दौड केली की तळव्याला आतून मार बसतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

चीर दिसली, घोडा लंगडला, खिळा घुसला

खालून वर गेलेली केसासारखी बारीक चीर, घोडा लंगडत नाही, तर घाबरू नका, पुढच्या छाटणीत कड गोल करून घ्या आणि चिरेच्या वरच्या टोकाशी पेन्सिलने खूण करा म्हणजे ती वाढतेय की थांबली ते कळेल. पण चीर वरच्या केसाळ कडेपासून खाली येत असेल, रक्त किंवा पू दिसत असेल, पाय टेकल्यावर उघडझाप होत असेल तर तो डॉक्टर आणि नालबंद दोघांनी मिळून बघायचा विषय आहे.

काल चांगला होता आणि आज पाय टेकवतच नाही, खूर गरम, नाडी उडतेय, तर बहुतेक वेळा आत पू झालाय. डॉक्टर येईपर्यंत कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून २० मिनिटं पाय बुडवून ठेवा, मग स्वच्छ कपड्याने बांधा. स्वतः सुरीने कोरू नका.

खिळा घुसलेला दिसला तर लगेच उपटू नका. कुठे आणि किती तिरका घुसलाय हे डॉक्टरांना दिसायला हवं, जमलं तर तसाच एक्स-रे काढायचा असतो, कारण फ्रॉगच्या भागातून आत हाड आणि सांधा जवळ आहेत. घोडा पाय टेकून तो अजून आत दाबत असेल आणि काढणं भागच असेल तर आधी मोबाइलवर फोटो काढा, जागेवर मार्करने गोल करा, खिळा जपून ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी, कारण धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक जनावर दुसरं नाही.

आणि घोडा दोन्ही पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा आहे, वळायला तयार नाही, दोन्ही खूर गरम आहेत, तर ती इमर्जन्सी आहे, भिंत आणि आतलं हाड जोडणाऱ्या पापुद्र्यांची सूज (लॅमिनायटिस). चालवू नका, दाणा बंद करा, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि फोन करा. इथे पाय पाण्यात ठेवायला कुठलीही शंका मनात आणू नका. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. मोठ्या तपासणीसाठी परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय कॉलेजांत विचारा, पण घोडा गाडीत चढवायच्या आधी फोनवर बोलून घ्या.

पाऊस यायच्या आधी

उन्हाळ्यात तळव्याला बसलेला मार आणि व्हाइट लाइनमधल्या बारीक खाचा कोरड्यात गप्प असतात, पहिल्या पावसात त्यात चिखल आणि पाणी शिरतं आणि मग जूनच्या शेवटी घोडे पटापट लंगडायला लागतात. म्हणून रोहिणी नक्षत्रातच म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात एक छाटणी करून घ्या, खाचांमधली माती पूर्ण साफ करून पोव्हिडोन आयोडीन लावा, नालेच्या खाली अडकलेले खडे काढून घ्या आणि धनुर्वाताची लस राहिली असेल तर ती पण तेव्हाच. मृग लागल्यावर नालबंदाला सगळ्यांचेच फोन जातात, तारीख आधी घेऊन ठेवा, आणि पहिला पाऊस पडल्यावर दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाय उचलून बघा.